ग्रीन कार्डाची रांग आणि मुलांचे वय

औषधाची चिठ्ठी हाती घेतल्यावर अनेक रुग्ण मला एक निराळाच प्रश्न विचारतात, "डॉक्टरसाहेब, आपले थोरले बंधू अमेरिकेत असतात ना? तिकडे कायमचे जायचे तर काय करावे लागते?" इंदूरच्या मराठी कुटुंबांत ज्याचे कोणी परदेशी नाही असे घर आता विरळाच. तरीही या विषयाचे अज्ञान पुष्कळ आहे. माझ्या घरातही ते होते व त्याची किंमत आम्ही मोजली; म्हणूनच हा लेखनप्रपंच.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. पर्यटक, विद्यार्थी, निवासी डॉक्टरांचा जे-१ किंवा नोकरीचा एच-१बी हे सारे तात्पुरत्या वास्तव्याचे व्हिसा होत. स्थलांतरिताचा व्हिसा वेगळा. तो घेऊन अमेरिकेत प्रवेश करताच मनुष्य तेथील कायम रहिवासी ठरतो व त्याला ग्रीन कार्ड मिळते.

या व्हिसाचे मुख्य मार्ग दोन, नाते आणि नोकरी. अमेरिकन नागरिकाचा पती वा पत्नी, २१ वर्षांखालील अविवाहित मुले आणि, नागरिक २१ वर्षांचा असल्यास, त्याचे आईवडील यांना संख्येची मर्यादा नाही. इतर नातलगांना मात्र क्रम लावून दिला आहे. एफ-१ मध्ये नागरिकांची प्रौढ अविवाहित मुले, एफ-२ मध्ये कायम रहिवाशांचे पती-पत्नी व अविवाहित मुले, एफ-३ मध्ये नागरिकांची विवाहित मुले आणि सर्वांत शेवटी एफ-४ मध्ये नागरिकांची भावंडे. नोकरीच्या मार्गातही ईबी-१ ते ईबी-५ असे पाच वर्ग असून त्यांसाठी वर्षाला सुमारे १,४०,००० व्हिसा असतात.

खरी मेख पुढेच आहे. या क्रमवारीतील व्हिसांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला ७ टक्क्यांहून अधिक मिळू नयेत, असा सर्वसाधारण नियम आहे. येथे नागरिकत्व नव्हे, जन्मस्थान पाहतात. परिणामी भारतीयांची रांग फार लांबते. २०२५ साली एफ-४ मध्ये २००६ सालचे, तर ईबी-२ मध्ये २०१२-१३ सालचे भारतीय अर्ज विचारात घेतले जात होते.

आता माझी हकीकत. जानेवारी २००६ मध्ये बंधूंनी आमच्यासाठी एफ-४ चा अर्ज भरला, तेव्हा माझी कन्या सहा वर्षांची व चिरंजीव दोन वर्षांचा होता. दोन वर्षांनी अर्ज मंजूर झाला आणि आम्ही पेढे वाटले! मंजुरी म्हणजे व्हिसा नव्हे, केवळ रांगेतील जागा, हे आम्हांस उमगलेच नव्हते. क्रमांक आला तो २०२४ साली. कन्या चोवीस वर्षांची झाली होती. २००२ च्या एका कायद्यान्वये अर्ज मंजुरीसाठी जितका काळ पडून राहिला तितका मुलाच्या वयातून वजा होतो. परंतु दोन वर्षे वजा करूनही ती बावीसचीच राहिली. चिरंजीव आमच्यासोबत येऊ शकत होता, ती नाही. आम्ही तेथे गेल्यावर तिच्यासाठी नवा अर्ज करता आला असता. पण पुन्हा कित्येक वर्षांची रांग, आणि आम्ही नागरिक होण्याआधी तिने विवाह केला तर तो अर्जच बाद. "बाबा, माझ्यासाठी थांबू नका," असे ती म्हणाली. त्या रात्री आम्हा उभयतांना झोप लागली नाही. अखेर आम्ही क्रमांक सोडून दिला.

तरुण डॉक्टर मित्रांसाठी दोन शब्द. जे-१ वर निवासी प्रशिक्षण घेणाऱ्यास एरवी दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. डॉक्टरांची वाण असलेल्या भागात तीन वर्षे सेवा करून त्यातून सूट मिळवता येते. अशा भागात एकूण पाच वर्षे सेवा करणाऱ्यास ईबी-२ मध्ये राष्ट्रहिताच्या निकषावर अर्जही करता येतो. रांग मात्र चुकत नाही. पती वा पत्नीचा जन्म अन्य देशात झाला असेल, तर त्या देशाच्या रांगेचा लाभ घेता येतो.

मुलांकडे जाऊ इच्छिणाऱ्या ज्येष्ठांनीही एक गोष्ट जाणून असावी. ग्रीन कार्ड लवकर मिळाले, तरी तेथे नोकरी न केलेल्या नवागतास पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, म्हणजे मेडिकेअर, पाच वर्षांच्या सलग वास्तव्यानंतरच हप्ते भरून घेता येतो. मधुमेह वा हृदयविकार असणाऱ्यांनी तोवरच्या खाजगी विम्याची चौकशी आधी करावी. शिवाय परवान्याविना वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ते कार्ड धोक्यात येते. सहा महिने तिथे नि सहा महिने इथे, हा बेतही निर्धोक नाही.

नियम बदलतात, तारखा पुढेमागे सरकतात. म्हणून दरमहा प्रसिद्ध होणारे अधिकृत व्हिसापत्रक पाहावे व जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. रुग्णाची पहिली नोंद आपण वयापासून करतो. स्थलांतराचा अर्ज भरतानाही मुलांचे वय प्रथम लिहावे आणि त्यापुढे रांगेची वर्षे मांडून पाहावीत. आम्ही तेवढे केले असते, तर अठरा वर्षे वाट पाहण्यात गेली नसती.