सहकार्याने लेखन-पाठ्यपुस्तकाची आखणी : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा अनुभव

पाठ्यपुस्तक एकाने लिहावे की अनेकांनी मिळून, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. परंतु पुस्तकाचा विषय लेखन हाच असेल, तर तो भाषाशास्त्राचाही प्रश्न होतो. लेखन शिकविणाऱ्या पुस्तकाला प्रमाणभाषा कोणती, चूक कशास म्हणावयाचे आणि विद्यार्थ्याच्या घरच्या बोलीस वर्गात कोणते स्थान द्यावयाचे, या प्रश्नांची उत्तरे उघडपणे वा मूकपणे द्यावीच लागतात. एकटा लेखक ती आपल्या अभिरुचीनुसार देऊन मोकळा होतो. अनेक अध्यापक एकत्र बसले म्हणजे मात्र ती बोलून दाखवावी लागतात, आणि तेथेच खऱ्या आखणीस आरंभ होतो. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांमध्ये गेल्या काही वर्षांत असे जे प्रयत्न झाले, त्यांच्या आधारे या आखणीचे स्वरूप विशद करण्याचा येथे हेतू आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी सर्वांनी लेखनाचा अभ्यासक्रम पुरा केला पाहिजे, हा दंडक हार्वर्ड विद्यापीठात १८८५ साली रूढ झाला व पुढे देशभर पसरला. १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय निघाले. अशा संस्थांना ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव सर्वत्र मिळाले ते अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या १९४७ च्या अहवालानंतर. येथे प्रवेशास अडसर जवळजवळ नसतो. नोकरी सांभाळून शिकणारे, परदेशातून आलेले, शाळा सोडून बरीच वर्षे लोटलेले असे नाना तऱ्हेचे लोक एकाच वर्गात बसतात. त्या सर्वांना पुढील वाटचालीसाठी लेखनाचा हा एकच उंबरठा ओलांडावा लागतो. तो न ओलांडल्यामुळे शिक्षण अर्ध्यावर सोडणाऱ्यांची संख्या थोडी नाही. म्हणून या अभ्यासक्रमाचे पुस्तक कसे असावे, हा तेथे केवळ विद्वच्चर्चेचा विषय राहत नाही.

त्यात किमतीची अडचण आहे. व्यापारी प्रकाशकांची लेखन-पाठ्यपुस्तके महाग असतात आणि नवी आवृत्ती निघाली की जुन्या प्रतीचे मोल उतरते. या अडचणीवर उपाय म्हणून वॉशिंग्टन राज्याच्या कम्युनिटी व तांत्रिक महाविद्यालयांनी ‘ओपन कोर्स लायब्ररी’ हा उपक्रम हाती घेतला. सर्वाधिक विद्यार्थिसंख्येच्या ८१ अभ्यासक्रमांचे साहित्य अध्यापकांकडूनच तयार करवून घ्यावे व विद्यार्थ्यावर एका अभ्यासक्रमामागे ३० डॉलरांहून अधिक भार पडू नये, अशी त्याची मर्यादा होती. पहिले ४२ अभ्यासक्रम २०११ मध्ये खुले झाले. शेजारच्या ओरेगन राज्यात २०१७ साली पाच अध्यापकांनी मिळून ‘द वर्ड ऑन कॉलेज रीडिंग अँड रायटिंग’ हे पुस्तक सिद्ध केले व ते विनामूल्य उपलब्ध झाले. त्याआधी २०१० मध्ये ‘रायटिंग स्पेसेस’ ही मालिका सुरू झाली होती. तिच्यातील प्रत्येक निबंध वेगळ्या अध्यापकाने थेट विद्यार्थ्यास उद्देशून लिहिलेला असून समव्यवसायी परीक्षकांनी तपासलेला आहे.

आता आखणीच्या पायऱ्यांकडे वळू. अनुभव असा की प्रकरणांची यादी करण्यापासून आरंभ केला तर काम फसते. प्रत्येक अध्यापक आपल्या आवडीचे प्रकरण सुचवितो आणि पुस्तक म्हणजे गाठोडे होऊन बसते. म्हणून विद्यार्थ्यास शेवटी काय करता यावे, हे आधी ठरवावे लागते. या कामी लेखन-अभ्यासक्रमांच्या संचालकांच्या परिषदेने २००० साली स्वीकारलेले व २०१४ मध्ये सुधारलेले निवेदन उपयोगी पडते. त्यात चार अंगे सांगितली आहेत : वाचक व प्रसंग ओळखून लिहिण्याचे ज्ञान, चिकित्सक विचार, वाचन व रचना, लेखनाच्या प्रक्रिया, आणि संकेतांचे ज्ञान. शुद्धलेखन, विरामचिन्हे वगैरे संकेत येथे शेवटी येतात, पहिल्या धड्यात नव्हे, ही गोष्ट मननीय आहे. ओरेगनच्या पुस्तकाच्या शीर्षकातच वाचन लेखनाआधी आले आहे, त्यामागील जाणीवही याच जातीची म्हणता येईल. जो वाचनात युक्तिवाद ओळखू शकत नाही, त्यास तो रचता येणे कठीण.

दुसरी पायरी चुकीच्या व्याख्येची, आणि खरा मतभेद येथेच उद्भवतो. आफ्रिकन अमेरिकन इंग्रजीत ‘शी वॉक्स’ ऐवजी ‘शी वॉक’ असे रूप येते, तर ‘ही बी वर्किंग’ या रचनेने ‘तो नेहमी कामात असतो’ असा रीतिवाचक अर्थ दर्शविला जातो. हा अर्थ प्रमाण इंग्रजीत एका क्रियारूपाने इतक्या नेमकेपणाने व्यक्त होत नाही. ही रूपे गबाळेपणाची नसून नियमबद्ध आहेत, हे भाषाशास्त्राने दाखवून दिले आहे. महाविद्यालयीन लेखनशिक्षकांच्या परिषदेने १९७४ मध्ये विद्यार्थ्याचा स्वभाषेवरील हक्क मान्य करणारा ठराव स्वीकारला. पुढे १९७७ मध्ये मायना शॉनेसी यांचा ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हा ग्रंथ आला. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने १९७० साली प्रवेश खुला केल्यानंतर आलेल्या विद्यार्थ्यांचे सुमारे ४,००० निबंध त्यांनी अभ्यासले होते. नवशिक्याच्या चुकांनाही तर्क असतो व तो शोधल्यावाचून त्या दूर होत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष होय.

तरीही एक पेच उरतो. पुढील संस्थेत व नोकरीत विद्यार्थ्याचे लेखन प्रमाणभाषेच्याच मापाने मोजले जाते. बोलीचा गौरव करून त्यास ते माप न शिकविणे ही दया नव्हे; आणि माप शिकविताना त्याच्या आईच्या भाषेस अडाणी ठरविणे हेही शिक्षण नव्हे. पुस्तकाच्या एका प्रकरणात एक भूमिका व दुसऱ्यात दुसरी असली, तर भुर्दंड विद्यार्थ्यास पडतो. म्हणून हा निर्णय सर्वांनी मिळून, लेखनास हात घालण्यापूर्वी, शब्दांत नोंदवून ठेवावा लागतो.

तिसरी पायरी श्रमविभागणीची. प्रकरणे वाटून दिली तरी पारिभाषिक शब्द, विद्यार्थ्यास संबोधण्याची रीत आणि उदाहरणांचा साठा एकच हवा. एकाने ‘प्रतिपाद्य’ म्हणावे व दुसऱ्याने त्यालाच ‘मध्यवर्ती कल्पना’ म्हणावे, तर वाचकास या दोन वस्तू वाटतात. यासाठी एका संपादकास अंतिम अधिकार द्यावा आणि कच्चा खर्डा निदान एक सत्र वर्गात वापरून पाहावा, हे इष्ट. कॅलिफोर्नियात २०१७ साली संमत झालेल्या कायद्याने बहुतेक विद्यार्थ्यांस पूर्वतयारीच्या वर्गांत न अडकविता थेट मुख्य अभ्यासक्रमाकडे नेण्याचा दंडक घातला. त्यामुळे एकाच पुस्तकातून असमान तयारीच्या विद्यार्थ्यांची गरज भागविण्याचे काम अधिकच अवघड झाले आहे.

चौथी गोष्ट परवान्याची. २००२ पासून प्रचारात आलेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांमुळे लेखक आपला हक्क राखूनही इतरांस प्रती काढण्याची व फेरफार करण्याची मुभा देऊ शकतो. फेरफारास मनाई करणारा परवाना घेतला, तर पुस्तक फुकट मिळेल, पण दुसऱ्या गावच्या अध्यापकास त्यातील उदाहरण बदलता येणार नाही. सहकार्याचा अर्धा लाभ तेथेच संपतो.

या योजनेस उणीवही आहे. कम्युनिटी कॉलेजांतील बहुसंख्य अध्यापक अर्धवेळ असतात व त्यांस वर्गावरील तासिकांपुरतेच वेतन मिळते. समाईक पुस्तकाचे काम विनावेतन त्यांच्यावर पडले, तर विद्यार्थ्याची बचत शिक्षकाच्या खिशातून झाली असे होईल. आणि त्यांना वगळले, तर जे हे पुस्तक प्रत्यक्ष शिकविणार त्यांचाच आवाज त्यात नसेल. यास्तव मानधनाची तरतूद हा आखणीचाच भाग मानला पाहिजे.

आपल्याकडेही विद्यापीठांची मराठी पाठ्यपुस्तके बहुधा संपादक मंडळे तयार करतात. परंतु त्यांचे काम पुष्कळदा वेच्यांची निवड करण्यापुरते असते. ‘पानी’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने ‘पाणी’ लिहावे ते का, आणि त्यास ते कसे शिकवावे, या प्रश्नावर मंडळाने आपला एकमताचा निर्णय प्रस्तावनेत मांडला, तर अध्यापकास आधार मिळेल व विद्यार्थ्यास न्याय. वेच्यांची निवड त्यानंतर करता येईल.