सावली मुळावर येते तेव्हा

विरार पूर्वेच्या फुलपाड्यात आमच्या आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये अंतर एवढंच, की खिडकीतून वाटीभर साखर देता येईल. ग्रिलमध्ये ऊन येतं जेमतेम तासभर. पावसाळा संपल्यावर तिथे मी मेथी पेरली. उगवली झोकात, पंधरा दिवसांत लांबुळकी होऊन आडवी पडली. आई म्हणाली, "पाणी घाल." घातलं. आठवड्यात मेथीचे बारा वाजले. उपटून पाहिलं तर मुळं केसासारखी बारीक, तपकिरी, लिबलिबीत.

मूळ तर अंधारातच राहतं, मग उजेडावाचून त्याचं काय अडलं? अडलं ते डब्यावाचून. मूळ स्वतः अन्न बनवत नाही. पानात तयार झालेली साखर खाली आली तर त्याचं पोट भरतं. मातीतलं नायट्रेट आत ओढायची ताकदही त्याच साखरेची. उजेड कमी पडला की रोप सगळा खर्च खोड-पानांवर करतं आणि मुळांचा डबा कापतं. मुळं आखूड राहतात, पाणी कमी ओढलं जातं, कुंडी ओलीच. त्यात आपण रोज तांब्या ओतायचा! हवा न मिळाल्याने मुळं कुजतात.

साखरेबरोबर निरोपही जातो बरं का. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या, संशोधकांच्या लाडक्या रोपात २०१६ साली दिसून आलं, की एचवाय-५ नावाचं प्रथिन कोंबातून थेट मुळापर्यंत जातं आणि उजेडानुसार नायट्रेट घेण्याचं काम वाढवतं.

आपल्या पालघर जिल्ह्यात प्रश्न कुंडीपुरता नाही. खरिपाचा भात वाढतो तोच आषाढ-श्रावणातल्या ढगांखाली. झड लागली असताना युरिया फेकला तर अर्धपोटी मुळांना तो पेलत नाही, बराचसा पाण्याबरोबर ओहोळात. उघडीप बघून खत टाकणारा शेतकरी उगाच थांबलेला नसतो. कटकच्या भात संशोधन संस्थेत कमी उजेड सोसणाऱ्या भातावर कामही चाललंय.

भातानंतर ओलीवर वाल येतो. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडून देतात, पण फुकट नाही, साखर घेऊन. सावलीत साखर आटली की गाठी मंदावतात. गाठ कापून पाहा, चालू असेल तर आतून गुलाबी दिसेल. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद. (सगळ्यांनाच ऊन हवं असं मात्र नाही. केळवे-माहीमची पानवेल सावलीतच खूश असते.)

खात्री करायचीय? दोन कागदी कपांना तळाला भोक पाडा, मूग पेरा. एक गच्चीवर, एक किचनच्या कट्ट्यावर. पंधरा दिवसांनी मुळं धुऊन शेजारी ठेवा. मी ठेवली. गच्चीवरच्या मुळांनी तळाशी गोल वेढे घेतले होते, कट्ट्यावरची बोटभरही नव्हती.

मेथी आता गच्चीवर आहे, टाकीच्या सावलीपासून चार हात लांब. सेक्रेटरीकाकांना पहिली जुडी कबूल केलीय.