न्यूयॉर्क ते शिरूर : तासांचा खरा हिशेब

शिरूर-दौंडकडील व्यापारी कुटुंबांतील मुले अमेरिकेत स्थायिक होणे आता नवलाचे राहिलेले नाही. मात्र घरात अघटित घडले, की जमलेल्या आप्तेष्टांत एकच प्रश्न फिरतो : मुलगा केव्हा पोहोचेल? कोणीतरी मोबाइल पाहून सांगतो, ‘पंधरा तास.’ या उत्तरावर अंत्ययात्रेची वेळ ठरवू नये.

न्यूयॉर्क ते मुंबई हे सर्वांत जवळचे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा. तो थेट पूर्वेला न येता ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून, आइसलंड आणि नॉर्वे यांच्यावरून वर चढतो व रशियावरून खाली उतरतो. विमानाला हा दोरा तंतोतंत पाळता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा त्यांचा वळसा आणखी वाढला. उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून थेट विमान येताना साधारण चौदा ते सोळा तास घेते, जाताना सोळा किंवा अधिक.

तिकिटावर मात्र दोन्ही ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. रात्री दीडला मुंबईहून निघून सकाळी सातला न्यूयॉर्क, असे वाचून साडेपाच तासांचा प्रवास समजणारे सुशिक्षितही आढळतात!

आता हिवाळ्यातील एक उदाहरण मांडू. सोमवारी रात्री दहाला निरोप गेला. तेव्हा तिकडे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. त्या दिवशीचे थेट विमान सकाळी अकराचेच असले, तर ते निघून गेलेले. पुढचे मंगळवारी अकराला सुटून बुधवारी दुपारी दीडच्या सुमारास मुंबईत उतरेल. तपासणी व सामानाचा तास-दीड तास, पुढे शिरूरपर्यंत दोनशेहून अधिक किलोमीटर. पुण्यातील गर्दी टाळण्यासाठी द्रुतगती मार्गावरून तळेगाव-चाकण-शिक्रापूर असे आले, तरी चाकणची कोंडी चुकत नाही. रात्रीचे आठ-नऊ धरावेत. निरोपापासून हे सुमारे सेहेचाळीस तास होतात. त्यांत आकाशातले फक्त सोळा. दौंडला पाटसमार्गे यायचे, तरी हिशेब फारसा बदलत नाही.

तेव्हा वाट पाहायची की विधी उरकायचा, हे वडीलधाऱ्यांनी मुलाशी स्पष्ट बोलून ठरवावे. थांबायचे ठरल्यास शीतपेटीची सोय पहिल्याच तासात करावी. मुलानेही केवळ हातातली बॅग घ्यावी. पट्ट्यावरच्या सामानासाठी थांबावे लागत नाही.

आणखी एक. मुलाने अमेरिकन नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड किंवा व्हिसा नसताना त्याला विमानात बसूच देत नाहीत. ते कार्ड तिकडच्या घरात कोणत्या कपाटात आहे, हे सूनबाईंनाही ठाऊक हवे.