मालमोटारीचें छप्पर : कापडाचें कीं पक्कें?

घराच्या दारासमोर सामान घेऊन येणारी लहान मालमोटार आतां शहरांतील प्रत्येक कुटुंबाच्या परिचयाची झाली आहे. बिऱ्हाड हलवावयाचें असो, आंब्याच्या पेट्या आणावयाच्या असोत, अथवा लहानसा धंदा थाटून माल गिऱ्हाइकाच्या घरीं पोंचवावयाचा असो, ‘पिकअप’ या नांवानें ओळखली जाणारी ही गाडीच उपयोगी पडते. पुढें चालकाची बसण्याची जागा आणि मागें उघडा हौदा, एवढीच तिची रचना. हौदा उघडा असणें हाच तिचा गुण आणि हाच तिचा दोष. उघडा असल्यामुळें त्यांत उंच कपाटही उभें राहतें. उघडा असल्यामुळेंच पहिल्या सरीबरोबर सारा माल भिजतो. तेव्हां हौद्यावर छप्पर हवें, याविषयीं कोणाचा मतभेद नसतो. मतभेद होतो तो पुढच्या प्रश्नावर. हें छप्पर कमानींवर ताणलेल्या कापडाचें असावें, कीं पत्र्याची अथवा फायबरची पक्की पेटीच हौद्यावर बसवावी? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु गाडी घेणाऱ्याचे पुष्कळ पैसे, आणि प्रसंगीं माणसांचे प्राणही, त्याच्या उत्तरांत गुंतलेले असतात.

गाडीवर कापड ताणण्याची कल्पना मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. महाराष्ट्रांतील सारवट गाडीला टप असे, तो याच जातीचा. अमेरिकेंत अठराव्या शतकांत पेनसिल्व्हेनियांतून माल वाहणाऱ्या कोनेस्टोगा गाड्यांवरही लांकडी कमानी व त्यांवर जाड कापड असे. पुढें मोटारीचें युग आलें. १९२५ सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या प्रसिद्ध ‘टी’ मोटारीस मागें हौदा जोडून ती २८१ डॉलरांस विक्रीस काढली. फोर्डच्या कारखान्यांतून तयार होऊन निघालेली ही पहिली पिकअप होय. हिंदुस्थानांत या प्रकाराचा खरा प्रसार त्या मानानें अलीकडचा. २००५ सालीं टाटा कंपनीची ‘एस’ ही ७५० किलो माल वाहणारी छोटी गाडी आली आणि लोकांनीं तिचें ‘छोटा हत्ती’ असें बारसें केलें. अमेरिकेंत हौद्यावर फायबरचें पक्कें झांकण बसवून त्यांत हत्यारें अथवा प्रवासाचें सामान ठेवण्याची चाल आहे, तसेंच घडी होणारे कापडी टपही तेथें मिळतात. आपल्याकडे बाजारचा माल बहुधा ताडपत्रीखालून जातो, आणि घरपोंच पुडकीं वाटणाऱ्यांच्या गाड्यांवर बंद पेटी दिसते. ही विभागणी केवळ चालीनें झालेली नाहीं. तिच्यामागें कारणें आहेत.

छपराचें काम काय, हें अगोदर पाहिलें पाहिजे. प्रवासांत मालाला पांच शत्रू असतात : पाऊस, ऊन, वारा, चोर, आणि पांचवा म्हणजे मालाच्याच अंगचा ओलावा. पहिल्या चारांचा विचार सर्वजण करतात. पांचव्याची आठवण सहसा नुकसान झाल्यावर होते. या पांचांनाही सारखेंच तोंड देईल असें छप्पर अद्याप निघालेलें नाहीं. म्हणून ‘उत्तम छप्पर कोणतें?’ असें न विचारतां ‘या मालाला कोणत्या शत्रूचें भय अधिक?’ असें विचारावें. म्हणजे उत्तर पुष्कळ सोपें होतें.

प्रथम कापडाचा विचार. हौद्याच्या दोन्ही बाजूंस लोखंडी नळ्यांच्या कमानी बसवून त्यांवर ताडपत्री ताणतात व तिच्या कडांच्या डोळ्यांतून दोर ओवून तो हौद्याच्या आंकड्यांस आवळतात. जुन्या पद्धतीचें सुती कॅनव्हास भिजलें म्हणजे त्याचे तंतू फुगतात व विणीतील छिद्रें बुजतात. त्यामुळें चांगलें कॅनव्हास पावसांत अधिकच घट्ट होतें. मात्र भिजलेल्या कॅनव्हासला आंतून मालाचा स्पर्श झाला कीं त्याच जागीं पाणी पाझरूं लागतें. कमानी हव्या असतात त्या मुख्यतः यासाठीं. कमानींवांचून मालावर सरळ टाकलेल्या ताडपत्रीच्या खळग्यांत पाणी सांचतें, हाही दुसरा तोटा. हल्लीं पॉलिएस्टरच्या विणीवर पी. व्ही. सी.चा लेप दिलेलें कापड किंवा पॉलिथिनची ताडपत्री वापरतात. हीं पाणी पीत नाहींत व कुजतही नाहींत. परंतु उन्हांतील अतिनील किरणांनीं तीं हळूहळू ठिसूळ होतात आणि घडीच्या रेषेवर चिरा पडूं लागतात.

कापडाचा खरा वैरी मात्र वारा होय. गाडी वेगानें धांवूं लागली कीं छपरावरून हवा जोरानें वाहते व तेथील दाब उतरतो. आंतील हवेचा दाब त्या मानानें अधिक राहतो आणि ताडपत्री फुग्यासारखी वर उचलली जाते. दोर सैल असला तर ती फडफडते, कमानीवर घासते व घासल्या जागींच प्रथम फाटते. म्हणून जाणता चालक निघाल्यावर थोडें अंतर जातांच थांबतो व दोर पुन्हां आवळून घेतो. चोरापुढें तर कापडाचा इलाजच नाहीं. त्यास एक चाकू पुरतो. परंतु कापडाचे गुणही थोडे नाहींत. तें स्वस्त व हलकें असतें, फाटल्यास ठिगळ लावून चालतें, उंच सामान आलें कीं गुंडाळून ठेवतां येतें, आणि बाजू थोडी उचलली कीं आंत वारा खेळतो. हा शेवटचा गुण किती मोलाचा आहे, हें पुढें दिसेल.

आतां पक्की पेटी. ती तीन द्रव्यांची असते. पोलादी पत्रा मजबूत व स्वस्त, पण वजनदार. आणि कोंकणपट्टीच्या खाऱ्या हवेंत त्याचे जोड लौकर गंजतात. ॲल्युमिनियम हलकें असतें व लोखंडासारखें गंजत नाहीं, मात्र त्यास पोंचे सहज येतात. शिवाय त्यांत साधे पोलादी स्क्रू बसविले तर खारट ओलाव्यांत दोन धातूंच्या संयोगानें ॲल्युमिनियमच झिजूं लागतें. मध्यें रबराची अगर प्लॅस्टिकची चकती घालणें हा त्यावर सोपा उपाय आहे. तिसरें फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंची व राळेची घट्ट पेटी. ती साच्यांतून एकसंध निघते, म्हणून गळावयास जोड थोडे. परंतु जोराचा आघात बसला तर ती तडकते. तिन्हींस दार असतें, कुलूप लागतें, वारा कांहीं करूं शकत नाहीं. पाणी शिरतें तें बहुधा दाराच्या रबरी पट्टींतून आणि पेटी हौद्यावर टेकते त्या सांध्यांतून. रबर कडक झालें कीं ‘पक्क्या’ पेटींतला मालही भिजतो. पावसाळ्यापूर्वीं ही पट्टी तपासणें म्हणूनच अगत्याचें.

एक गैरसमज येथें दूर केला पाहिजे. बंद पेटी म्हणजे थंड पेटी नव्हे. उलट, वैशाखाच्या उन्हांत उभ्या असलेल्या साध्या पत्र्याच्या पेटींत बाहेरच्याहून कितीतरी अधिक उष्मा होतो. थंडावा हवा असेल तर भिंतींत फेसाळ पॉलियुरेथेनचा थर व वेगळें शीतयंत्र हवें. ती वस्तूच निराळी व पुष्कळ महाग. दुसरी गोष्ट घामाची. दिवसा तापलेल्या पेटींतील दमट हवा रात्रीं पत्रा निवाला कीं त्यास लागून थंड होते, तिच्यांतील वाफेचें पाणी होतें आणि तें थेंबाथेंबानें मालावर गळूं लागतें. आकाशांत ढगही नसतां माल ओला झालेला पाहून मालक चालकास दोष देतो; वास्तविक दोष असतो तो हवा जाण्यास वाट नसण्याचा.

रत्नागिरीच्या हापूसचें उदाहरण यासाठीं उत्तम आहे. तेथून वाशीच्या घाऊक बाजारापर्यंतचा प्रवास तीनशें किलोमीटरांहून अधिक. झाडावरून उतरलेलें फळ जिवंत असतें. तें श्वास घेतें, त्यांतून उष्णता व ओलावा बाहेर पडतो, आणि पिकूं लागलें कीं इथिलीन नांवाचा वायूही सुटतो. हा वायू शेजारच्या फळांसही पिकण्याची घाई करावयास लावतो. हवाबंद पेटींत कोंडलेले आंबे अकालीं मऊ होतात व डागाळतात. तेव्हां आंब्याला कमानीवरची ताडपत्री, कडेनें हवा खेळती ठेवून, हीच योग्य. लासलगांवच्या कांद्यासही हाच न्याय. ओलावा कोंडला कीं कांदा सडतो. याउलट पुस्तकें, कापड, औषधें, पाव, विजेचीं यंत्रें हीं श्वास घेत नाहींत. त्यांस भय पावसाचें, धुळीचें व चोराचें. त्यांस पक्की पेटीच बरी. रत्नागिरीस वर्षाकाठीं सरासरी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पुण्यास सुमारें ७००. म्हणजे एकाच मालास दोन गांवीं दोन छपरें योग्य ठरूं शकतात.

यापुढें वजनाचा हिशोब. छपराचें वजन मालाच्याच वाट्यांतून जातें, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. समजा, ७५० किलो वाहणाऱ्या गाडीवर १५० किलोची पेटी बसविली. माल उरला ६०० किलोंचा. कमानी व कापड मिळून ३० किलो धरले तर माल ७२० किलो. म्हणजे कापडी गाडी सहा खेपांत जेवढा माल नेईल, तेवढ्यासाठीं पेटीच्या गाडीस सात खेपा करून आठवीचाही कांहीं भाग लागेल. कांद्यासारख्या जड व स्वस्त मालांत हा फरक नफा खाऊन टाकतो; पावासारख्या हलक्या मालांत हौदा अगोदर भरतो व वजन मागाहून, म्हणून तेथें त्याचें कांहींच वाटत नाहीं. पेटीचें वजन उंचावर असल्यामुळें गाडीचा गुरुत्वमध्यही वर सरकतो, व घाटाच्या वळणावर ती अधिक झुकते, हेंही लक्षांत ठेवावें. कायद्याचेंही भान हवें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत असा फेरफार गाडींत मनास येईल तसा करतां येत नाहीं; पेटी बांधून घेण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घेणें शहाणपणाचें. मर्यादेबाहेर भार घातल्यास २०१९ च्या दुरुस्तीनें २०,००० रुपये दंड व प्रत्येक ज्यादा टनास आणखी २,००० रुपये सांगितले आहेत.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लग्नकार्यास अगर यात्रेस जातांना गाडीच्या हौद्यांत माणसें बसविण्याची खोड खेड्यांत व शहरांतही आहे, आणि छप्पर असलें कीं तीं ‘सुरक्षित’ आहेत असें घरच्यांस वाटतें. वस्तुस्थिति उलट आहे. धांवत्या गाडीच्या पाठीमागें हवेचा दाब उतरतो व तेथें भोवरे उठतात. धुराड्यांतून निघालेला धूर त्या भोवऱ्यांतून मागच्या फटीवाटे हौद्यांत ओढला जातो. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस ना रंग, ना वास. रक्तांतील हिमोग्लोबिनशीं तो प्राणवायूहून दोनशें पटींनीं अधिक घट्ट जखडतो, आणि माणूस झोंप लागावी तसा बेशुद्ध होतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत १९९२ सालीं सिएटल येथील डॉक्टरांनीं पिकअपच्या हौद्यांत बसून या वायूनें विषबाधा झालेल्या २० मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं १७ मुलें पक्क्या बंद झांकणाखालीं बसलीं होतीं व तीन ताडपत्रीखालीं. पंधरा मुलें बेशुद्ध झालीं, एक दगावलें, व एकास मेंदूची कायमची इजा झाली. म्हणजे या बाबतींत पक्कें व कापडी असा भेद नाहीं. दोन्हीं छपरें मालासाठीं आहेत, माणसांसाठीं नव्हेत. डिझेलच्या धुरांत हा वायू पेट्रोलच्या मानानें कमी असतो, परंतु अजिबात नसतो असें नाहीं. मूल पेंगूं लागलें तर तें प्रवासानें दमलें असें समजून त्यास निजूं देण्याची चूक अशा वेळीं प्राणघातक ठरते. त्यास तत्काळ मोकळ्या हवेंत आणून डॉक्टरांकडे न्यावें. आणि मुळांत हौद्यांत बसवूंच नये.

सारांश इतकाच. फळें, भाजी, कांदा असा श्वास घेणारा माल, किंवा उंच-ठेंगणें, आज एक उद्यां दुसरें असें सामान वाहावयाचें असेल तर कमानीवरचें चांगलें कापड घ्यावें, त्याचे दोर व शिवणी दर महिन्यास पाहाव्या, आणि ओली ताडपत्री कधीं घडी करून ठेवूं नये. कोरडा, किंमती व रोज एकाच जातीचा माल असेल तर पक्की पेटी घ्यावी, तिच्या वजनाचा हिशोब आधीं मांडावा आणि वरच्या बाजूस पाणी न शिरेल अशी झरोक्याची सोय करून घ्यावी. दोन्ही प्रकारचा माल असेल तर अर्ध्या उंचीपर्यंत पक्क्या बाजू व वर कापड हा मधला मार्गही उपलब्ध आहे. बिऱ्हाड हलविण्यासाठीं दोन दिवस गाडी ठरविणाऱ्या गृहस्थानेंही भाड्याची घासाघीस करण्यापूर्वीं छपराकडे एकदां दृष्टि टाकावी, आणि घरांतील माणसांची व्यवस्था बसमध्यें अगर दुसऱ्या मोटारींत करावी. हौदा सामानासाठींच ठेवावा.