‘उष्णता झाली’ म्हणजे नेमकं काय? सब्जा कधी पुरतो आणि डॉक्टर कधी गाठायचे?

एरवी हवा छान असलेल्या नाशिकमध्येही एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. मग घरोघरी निदान ठरलेलं: ‘उष्णता झालीय!’ तोंड आलं, घोळणा फुटला, डोळ्यांची आग होतेय, उन्हाळे लागले, कारण एकच.

हा समज फक्त आपल्याकडे नाही. आयुर्वेद याला पित्त वाढणं म्हणतो, तर चिनी वैद्यक ‘शांगहुओ’, म्हणजे आग वर चढणं. तिकडे उतारा शेवंतीच्या फुलांचा चहा आणि मुगाचं पातळ सूप. इकडे सब्जा, ताक, पन्हं, कोकम सरबत, गुलकंद.

मग विज्ञान काय सांगतं?

निरोगी शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहतं. आंबा खाल्ल्याने ते चढत नाही, सब्ज्याने उतरत नाही. ताक-पन्ह्यातून पाणी आणि मीठ मिळतं, हा खरा फायदा. पण वारंवार तोंड येण्यामागे बी-१२ किंवा लोहाची कमतरता असू शकते, लघवीच्या जळजळीमागे जंतुसंसर्ग.

म्हणून हे लक्षात ठेवा:

• तोंडातली जखम ३ आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच.
• जळजळीसोबत थंडी-ताप किंवा लघवीत रक्त असेल, तर थांबू नका.
• उन्हात अंग भट्टीसारखं तापलं, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओतून वारा घाला. बेशुद्ध माणसाला काहीही पाजू नका, सरबतही नाही.