क्रोएशियाचं श्रेय दालिचलाही द्या!

फुटबॉलमध्ये क्रोएशियाचं नाव निघालं की सगळे मिडफिल्डर लुका मॉड्रिचबद्दल बोलतात. बोलायलाच हवं! पण माझ्या मते झ्लात्को दालिच या प्रशिक्षकाला त्याच्या हक्काचं कौतुक कधीच मिळालं नाही.

ऑक्टोबर २०१७ मध्ये, वर्ल्डकपची पात्रता फेरी हातातून निसटत असताना, त्याच्याकडे संघ आला. पुढच्या वर्षी रशियात नायजेरियाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरायला निकोला कालिनिचने पाठदुखीचं कारण देत नकार दिला. दालिचने त्याला सरळ घरी पाठवलं आणि उरलेला वर्ल्डकप २२ जणांत खेळला. डेन्मार्क, रशिया, इंग्लंड असे सलग तीन सामने जादा वेळेत गेले, तरी संघ फायनलला पोचला. फक्त ४० लाखांच्या आसपास वस्तीचा देश, राव!

मॉड्रिचचं म्हणाल, तर त्या वर्ल्डकपच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या गोल्डन बॉलपेक्षा मला डेन्मार्कचा सामना मोठा वाटतो. ११६व्या मिनिटाला त्याची पेनल्टी श्मायकेलने अडवली. थोड्याच वेळात शूटआउटमध्ये त्याच गोलकीपरसमोर तो पुन्हा उभा राहिला आणि गोल केला. याला काळीज लागतं.

२०२२ च्या वर्ल्डकपला ब्राझीलसमोर ११७व्या मिनिटाला पेटकोविचने बरोबरी साधली, त्या चालीची सुरुवातही ३७ वर्षांच्या मॉड्रिचच्याच पायातून झाली होती. मग शूटआउटमध्ये गोलकीपर लिवाकोविचने रॉड्रिगोची पेनल्टी अडवली, मार्किन्योसचा फटका खांबावर आदळला आणि ब्राझील घरी गेलं. ब्राझीलच्या चाहत्यांनो, तो विजय नशिबाचा नव्हता. मिडफिल्ड पाहायला ती मॅच पुन्हा लावा, मॉड्रिच-ब्रोझोविच-कोवाचिच चेंडू सोडतच नाहीत.