१४२८५७ : कापरेकरांच्या संकल्पनांतून एका संख्येचा अभ्यास

प्रस्तावना : पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे देवळालीत शाळाशिक्षक राहिलेल्या कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. त्यांच्या संशोधनाची 'करमणूक' म्हणून उपेक्षा झाली. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्याचा परिचय करून दिल्यावर ते जगभर पोहोचले. ही खरोखर केवळ करमणूक आहे काय, हे प्रस्तुत लेखात १४२८५७ या संख्येच्या आधारे तपासले आहे.

१. कापरेकर संख्या : १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन भाग केल्यास २०४०८ + १२२४४९ = १४२८५७, म्हणजे मूळ संख्याच मिळते. हा योगायोग नव्हे. १४२८५७ × ७ = ९९९९९९ आणि १४२८५६ = ७ × २०४०८. म्हणून वर्गातून मूळ संख्या वजा केली असता १४२८५७ × १४२८५६ = ९९९९९९ × २०४०८ हा गुणाकार उरतो. ९९९९९९ म्हणजे दहा लाख उणे एक; त्यामुळे वर्ग = २०४०८ × १०००००० + (१४२८५७ − २०४०८). दोन्ही भागांची बेरीज मूळ संख्या होणे येथे अटळ ठरते.

२. हर्षद संख्या : स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या ती हर्षद. येथे अंकांची बेरीज २७ असून १४२८५७ = २७ × ५२९१.

३. स्वयंभू संख्या : ४७ + ४ + ७ = ५८; म्हणून ४७ ही ५८ ची जनक होय. जिला जनक नाही ती स्वयंभू. १४२८५७ ला जनक असल्यास त्या जनकाला ९ ने भाग गेला पाहिजे. कारण संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यास बाकी समान राहते. अशा जनकाच्या अंकांची बेरीज ९, १८ वा २७ एवढीच संभवते. त्यानुसार मिळणाऱ्या १४२८४८, १४२८३९ व १४२८३० यांच्या अंकांची बेरीज अनुक्रमे २७, २७ व १८ येते. एकही जुळत नाही. म्हणजेच ही संख्या स्वयंभू आहे.

समारोप : हे तिन्ही गुणधर्म दशमान लेखनपद्धतीवर अवलंबून आहेत, ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. तथापि त्यांच्या सिद्धतेसाठी विभाज्यता आणि बाकी यांचेच गणित लागते. पदवी वर्गात अंकशास्त्राच्या आरंभी ही संख्या घेतल्यास विद्यार्थी आधी चकित होतो आणि मग कारण विचारतो. गणिताचे अध्यापन त्या प्रश्नापासूनच सुरू होते.